लाल रिबिनीचं बॉनेट

व्हिट्बी, ११ नोव्हेंबर १८६२

सौ. डॉर्कस स्टॉर हिस,

तुझी खुशाली विचारत नाही. स्कारबरोच्या गाडीवाल्याने ती न विचारताच सांगितली. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "मिसेस स्टॉर, तुमची सून तिच्या माहेरी दिसली हो. पायापासून डोक्यापर्यंत काळ्यात. बॉनेट टोपीवर दुखवट्याचं काळं क्रेप, आत विधवेची पांढरी झालर. फार वाईट वाटलं बघा. कधी कळलं?" माझे दोन्ही हात बॉनेटच्या सांगाड्यात अडकले होते म्हणून त्याचं थोबाड वाचलं.

मी त्याला सांगितलं, काही कळलेलं नाही, आणि कळण्यासारखं काही झालेलंही नाही. गिडियनची बोट 'ब्लेसिंग' मेमेल बंदरातून लाकूड भरून निघाली आहे आणि तिला उशीर झाला आहे. तुझ्या वडिलांची बेकरी आहे, त्यांचा पाव रोज ठरल्या वेळी भट्टीतून बाहेर येतो. बाल्टिकमधून येणारं जहाज म्हणजे पाव नव्हे. गिडियनला मी जन्म दिलाय, तू फक्त लग्न केलंयस. त्याचा दुखवटा कधी धरायचा ते माझ्याआधी तू ठरवणार?

ते क्रेप आधी उतरव.

आणि ते बॉनेट तू स्वतःच्या हाताने केलंस, असंही तो म्हणाला. सून होण्याआधी माझ्या हाताखाली शिकायला आलेली पोरगी तू. तारेला बकरम कसं चढवायचं हेही तुला येत नव्हतं. सगळं मी शिकवलं आणि एवढंच तेवढं तुझ्या ध्यानात राहिलं नाही? आपल्या धंद्यात दुखवट्याचं बॉनेट कुणी स्वतःचं स्वतः करत नाही. दुसऱ्या बाईने करायचं आणि तिनेच आपल्या डोक्यावर बांधायचं. तुझे सासरे गेले तेव्हा क्रेपमध्ये माझा हात धरणारं या गावात कुणी नव्हतं. तरी मी पलीकडच्या गावातल्या एका म्हातारीकडे गेले. तिने क्रेप उरेब कापायचं सोडून सरळ कापलं, घड्या टम्म फुगल्या. मी ते वर्षभर तसंच घातलं आणि एक टाका उसवला नाही.

गिडियन काय म्हणाला होता ते आठवतं का? जेवायला बसला होता, हेरिंगचे काटे काढत. म्हणाला, "आई, आम्ही दोन धक्क्यांमधून आत शिरतो ना, तेव्हा आधी घर बघत नाही. धक्क्यावरच्या बायकांच्या डोक्यांकडे बघतो. कुणाच्या घरात काय झालं ते लांबूनच कळतं. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही." मग उद्या तो आला आणि तू त्याला काळ्यात दिसलीस, तर तो काय समजेल? आपली आई गेली, असंच समजेल. मला जिवंतपणी मारायची एवढी हौस असेल तर तसं तोंडावर सांग.

जाताना दुकानातलं क्रेप घेऊन गेलीस त्याबद्दल मी बोलत नाही. कुणाला दिसू नये म्हणून मी त्या जागी दुसरा गठ्ठा ठेवलाय.

गिडियनची आई,
थॉमसीन स्टॉर


व्हिट्बी, १९ डिसेंबर १८६२

सौ. डॉर्कस हिस,

पत्र मिळालं. काळ्या काठाचा कागद वापरलास. हौस दांडगी आहे.

डेन्मार्कात, जटलंडच्या किनाऱ्यावर कुठल्याशा मच्छीमाराला फळी सापडली आणि तिच्यावर 'ब्लेसिंग'च्या आठांतली पहिली चार अक्षरं होती, हे तू मला लिहून कळवतेस? ते मला जहाजमालकाच्या कचेरीत केव्हाच सांगितलं. मी त्या कारकुनाला म्हटलं, "बाकीची अक्षरं कुठायत?" तो खाली मान घालून शाईची दौत हलवत बसला. अर्ध्या नावाच्या फळीवर मी माझा आख्खा मुलगा देऊन टाकू? दर वादळात जहाजांच्या कितीतरी फळ्या निघतात. तू बेकरीवाल्याची मुलगी, तुला काय ठाऊक?

तू म्हणतेस, काळं घातल्यापासून निदान रस्त्याने चालता येतं. रंगीत रिबिनीत असताना पावलापावलाला कुणीतरी थांबवून "काही बातमी?" म्हणून विचारायचं, आता विचारत नाहीत. डॉर्कस, लोकांचं तोंड बंद करायला तू नवरा मारलास? मला दिवसभर दुकानात विचारतात. मी सांगते, येतोय. त्यात काय जीव जातो?

आणि तू लिहितेस, "मी आधी तुम्हालाच करायला सांगितलं होतं, आई. तुम्ही क्रेप माझ्या हातातून हिसकावलंत. मग मी कुणाकडे जायचं होतं?" हो, हिसकावलं. पुन्हा मागितलंस तर पुन्हा हिसकावीन. माझ्या मुलाच्या बायकोला मी माझ्या हाताने विधवा करू, माझ्याच दुकानात, टोप्या बेतायच्या माझ्याच लाकडी डोक्यावर ठोकून?

आता इथलं ऐक. परवा मिसेस हगिल आली होती, 'ब्लेसिंग'च्या कप्तानाची बायको. दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाली, "थॉमसीन, मला एक बॉनेट करून दे. साधं. क्रेपचं."

मी म्हटलं, "राखाडी रेशीम आलंय, दाखवू?"

"मी क्रेप म्हणाले."

"क्रेप नाही."

"अगं, तुझ्या मागच्या फळीवर दोन गठ्ठे दिसतायत मला!"

"ते विकायचं नाही."

"गेली वीस वर्षं या गावातली प्रत्येक विधवा तुझ्या दारातून बाहेर पडलीये, आणि आता म्हणतेस विकायचं नाही?"

"ब्लेसिंगवरच्या कुणाच्याच बायकोला विकायचं नाही," मी म्हटलं. "तुझ्या नवऱ्याच्या हातात माझा मुलगा आहे, मिसेस हगिल. तू काळं घातलंस की बाकीच्या मेंढरांसारख्या तुझ्यामागे येतील. घरी जा आणि त्याचे मोजे विण." ती रडली नाही. दार उघडंच टाकून गेली. दुकानात बर्फ आला.

तुला एक सांगते, म्हणजे तुझा हात जरा थांबेल. आपल्याच गावच्या 'नेपच्यून' जहाजाचा पत्ता लागला. तीही मेमेलहूनच निघायची होती. ती तिथेच बर्फात अडकली आहे, माणसं धडधाकट आहेत, वसंतात येतील. तिच्यावर आपला मॅथ्यू लाइथ आहे. तो आणि गिडियन लहानपणी एकाच होडीतून पडायचे. 'नेपच्यून' अडकली तर 'ब्लेसिंग' का नाही अडकणार? ती निघाली असं सगळे म्हणतात, पण निघताना बघितलं कुणी? बर्फ फुटेपर्यंत मला कुणी काही शिकवायचं नाही. तूही नाही.

नाताळला तुझ्या वाटणीचा जिंजरब्रेड केला नाही.

गिडियनची आई,
थॉमसीन स्टॉर


व्हिट्बी, २ फेब्रुवारी १८६३

सौ. डॉर्कस,

काल चॅपेलमध्ये मिसेस हगिल क्रेपच्या बॉनेटमध्ये आली. माझ्या पुढच्याच बाकावर बसली. प्रार्थना चालू असताना मी डोळे मिटले नाहीत, त्या बॉनेटची पाठ बघत राहिले. क्रेप अचूक उरेब कापलेलं. मानेमागची झालर आतून दुमडून घेतलेली, काठ कुठे दिसत नाही. घड्या अशा बसलेल्या की बोट सरकलं नसतं. मी मनात म्हटलं, कुणाचा हात हा? हल शहरातून आणलं की काय? मग ती भजनासाठी उभी राहिली, जराशी वळली, आणि मला हनुवटीखाली शिवून बसवलेला बो दिसला.

डावी पाकळी मोठी.

किती वेळा सांगितलं तुला. रिबीन दोन्हीकडे सारखी धर, डाव्या हाताला ढिली सोडू नकोस. तुझा प्रत्येक बो मी तुझ्यादेखत उसवला आणि परत घातला, तेव्हा कुठे गिऱ्हाइकाच्या डोक्यावर चढला. तुझी ती डावी पाकळी मी अंधारातही ओळखीन.

म्हणजे तू आता दुकान मांडलंयस. माझ्याकडे नाही मिळालं की गाडीत बसून स्कारबरोला जायचं, तिथे स्टॉरांची सून करून देते! मी शिकवलेल्या हाताने माझ्याच मुलाच्या मरणाचा माल विकतेस. लाज नाही वाटत? तुझ्या बापाच्या पावाच्या शेजारी मांडतेस का बॉनेटं?

चॅपेल सुटल्यावर पॉली गाठ पडली, जहाजावरच्या स्वयंपाक्याची बायको. अजून पोरच आहे. तिच्याही डोक्यावर तुझंच. पाऊस पडत होता आणि क्रेपचा रंग तिच्या कपाळावर उतरला होता, काळे ओघळ थेट भुवयांपर्यंत. मी तिला थांबवून रुमालाने तिचं कपाळ पुसलं. म्हटलं, "तुला कुणी सांगितलं नाही का, क्रेप पावसात घालायचं नसतं?"

ती म्हणाली, "सांगितलं होतं काकू. डॉर्कसताईंनी सांगितलं होतं. पण पाऊस बघून थोडंच कुणी..." मग म्हणाली, "काकू, तुम्ही कधी घेणार?"

"काय?"

"काळं."

मी रुमाल तिच्या हातात कोंबला आणि निघून आले. लग्न होऊन वर्ष झालं नाही, आणि मला विचारते.

अजून कुणाकुणाला करून दिलंस ते कळव, म्हणजे चॅपेलमध्ये कुठे बसायचं नाही ते मला कळेल. आणि पॉलीचं क्रेप स्वस्तातलं होतं. ते देताना काय विचार केलास? निदान चांगलं तरी द्यायचं.

गिडियनची आई


व्हिट्बी, ३० मार्च १८६३

सौ. डॉर्कस,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नव्हतं. पण तू लिहिलंस, "लोक म्हणतात तुम्ही दुकान उघडत नाही." ते लोक कोण? त्यांची नावं कळव. दुकान रोज उघडतं. गिऱ्हाईक येत नाही ही वेगळी गोष्ट. बायका आत येतात, ईस्टरसाठी लायलॅकची फुलं बघतात, माझ्या तोंडाकडे बघतात आणि उद्या येते म्हणून जातात. दुखवटेवाल्यांना मी माल देत नाही, आणि बाकीच्यांना माझ्या दुकानात हसायची चोरी वाटते.

पाद्रीसाहेबही येऊन गेले. खुर्चीच्या अगदी टोकावर बसून म्हणाले, "भगिनी स्टॉर, स्वीकार करण्यातसुद्धा एक शांती असते." मी त्यांना विचारलं, तुमच्या बायकोचं मागल्या वर्षीचं बॉनेट अजून दुरुस्तीला पडलंय, ते कधी नेता? तेव्हा उठले.

ईस्टरला मी काय घालणार तेही ऐक, म्हणजे दुसऱ्याकडून कळायला नको. गिडियनने मागल्या खेपेला आणलेली ती रिबीन, लाल, पाण्यासारख्या लाटा उमटलेली. एकच आणली होती मूर्खाने, बायकोला आणि आईला मिळून एक. आणि वर म्हणतो, "तुम्ही दोघी कापून घ्या, मी मध्ये पडत नाही." मोठा तुकडा तू घेतलास हे मी विसरलेले नाही. माझा तुकडा मी गवती बॉनेटवर लावलाय. आणि हल्लीच्या फॅशनप्रमाणे पुढची कड उंच करून तिच्या आत, कपाळावर, मेणाच्या चेरीचा घोस. पानांसकट. या वयाला शोभत नाही, मला माहीत आहे.

दुखवट्याचे दागिने घडवणाऱ्या शेजारच्या जोसायाने कारखान्याच्या दारातून बघितलं. काळ्या जेट दगडाच्या भुकटीने भरलेलं तोंड, त्यात फक्त दात दिसत होते. म्हणाला, "थॉमसीनबाई, धक्क्यावर जाऊ नका. समुद्रपक्षी टोचतील."

मी म्हटलं, "टोचू देत. तुझ्या दुखवट्याच्या ब्रोचपेक्षा बरं."

"माझा ब्रोच आणि तुमचं क्रेप, एकाच गाडीचे दोन बैल होतो आपण," तो म्हणाला. "तुम्ही जू टाकून दिलंत, आता मी एकटाच ओढतोय." मग हात पुसत जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काही बातमी?"

तोसुद्धा, डॉर्कस. पाववाला विचारतो, कोळशेवाला विचारतो, पुलावर उभी असलेली अनोळखी बाई विचारते. लाल रंग दिसला की थांबतात. मिसेस हगिल रस्त्याने जाते तेव्हा पुरुष टोपीला हात लावतात आणि बाजूला होतात. तिला कुणी काही विचारत नाही. मी हे तुझं म्हणणं पटलं म्हणून लिहीत नाही. जे दिसतं ते लिहिते.

त्याचे शर्ट दर सोमवारी बाहेर काढून वाऱ्यावर घालते. चुलीशी कोरडे करून परत ठेवते. वरच्या मजल्यावर, घरात, मी क्रेप कधी नेलं नाही, आणि नेणारही नाही.

तुझा रिबिनीचा तुकडा नाहीतरी तुझ्या कामाचा नाही. पाठवून दे. बंद जरा आखूड पडतायत.

गिडियनची आई,
थॉमसीन स्टॉर


व्हिट्बी, ६ मे १८६३

सौ. डॉर्कस,

घाईत लिहिते. बर्फ फुटला. 'नेपच्यून' निघाली, कचेरीत तार आली. वारा असाच राहिला तर आठवड्याभरात इथे.

मी कारकुनाला विचारलं, एकटी निघाली की बरोबर कुणी आहे? म्हणाला, तारेत तसं काही नाही. नाही कसं असेल, तारेला शब्दाशब्दाला पैसे पडतात, लोक काटकसर करतात.

ये म्हणत नाही. पण आलीस तर त्या अवतारात माझ्या धक्क्यावर उभी राहू नकोस. माझ्या कपाटात तुझं निळं बॉनेट आहे तसंच, फॉर्गेट-मी-नॉटची फुलं लावलेलं. मी त्याची धूळ झटकून ठेवलीये. ते काळं जाळायला काड्याही ठेवल्यात.

थॉमसीन स्टॉर


व्हिट्बी, १८ मे १८६३

डॉर्कस,

तू आली नाहीस. बरं केलंस. आली असतीस तर तुला मला धरावं लागलं असतं आणि ते मला आवडलं नसतं.

'नेपच्यून' बुधवारी दुपारच्या भरतीला आत आली. मी पश्चिमेच्या धक्क्यावर अगदी टोकाला जाऊन उभी होते. ब्लेसिंगवाल्यांच्या बायकाही आल्या होत्या. का आल्या ते माहीत नाही. सगळ्या एका रांगेत, भिंतीला टेकून, काळ्या. प्रत्येकीच्या हनुवटीखाली तुझा बो. पॉलीचं क्रेप तू बदलून दिलंयस असं दिसलं. मी त्यांच्यात उभी राहिले नाही. वारा एवढा होता की चेरी एकमेकींवर आपटत होत्या आणि त्यांचा आवाज मला कपाळावर ऐकू येत होता.

जहाज एकटंच होतं. त्याच्या मागे दुसरं शीड नव्हतं. मी तरी बघत राहिले, एखादं मागे राहतं, उशिरा दिसतं.

मग डेकवरून कुणीतरी टोपी हलवायला लागलं. दोन्ही हातांनी. मला वाटलं, दुसऱ्या कुणासाठी हलवतोय. पण तो माझ्याकडेच बघत होता. मॅथ्यू होता. जहाज धक्क्याला लागेपर्यंतही थांबला नाही, उडी मारून आला, लोकांना ढकलत. दाढी वाढलेली, हडकलेला, आणि तोंडभर हसत होता. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "आला ना! काकू, आला ना तो!"

मी म्हटलं, "कोण?"

"गिडियन! कधी आला? कसा आला? अहो, आम्ही त्याला निघताना बघितलं. मी ओरडून सांगितलं, थांबा रे, हवा वाईट आहे. तो शिडाच्या दोरांवरून हात करत होता. नंतर मेमेलमध्ये खबर आली की ब्लेसिंग फुटली, जटलंडला, एकही वाचला नाही. आख्खा हिवाळा मी तीच खबर घेऊन झोपलो, काकू. तुम्हाला काय सांगायचं, कसं सांगायचं. आणि आत्ता आत शिरताना बघतो तर सगळ्याजणी काळ्यात, आणि त्यांच्यात लाल! मी म्हटलं, ही तर गिडियनची आई, चेरी लावून! म्हणजे वाचला साला! एकटा तरी वाचला!"

तो लहान मुलासारखा हसत होता, डॉर्कस. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागे खलाशी उभे होते, तेही हसत होते. माझ्या डोक्यावरचं लाल बघून सगळ्या जहाजाला आनंद झाला होता. 'काही बातमी?' म्हणून कुणी विचारलं की मी आजवर 'येतोय' म्हणत आले. पण त्याने विचारलंच नव्हतं, त्याने तो आला असं धरूनच टाकलं होतं. त्याला काय सांगायचं? येतोय?

मी म्हटलं, "नाही."

तो म्हणाला, "काय नाही?"

"नाही आला. गिडियन नाही आला, मॅथ्यू. गेला तो."

मी हे तोंडाने पहिल्यांदा म्हटलं. त्याचं हसू लगेच गेलं नाही, चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. ते मला बघवेना. त्याने माझे हात सोडले, टोपी काढली, आणि ती कुठे ठेवायची ते त्याला कळेना. मिसेस हगिल भिंतीपासून निघून आली. तिने माझ्या हनुवटीखालचे बंद सोडले आणि बॉनेट काढून आपल्या शालीखाली घेतलं. मी उघड्या डोक्याने गावातून घरी आले. कुणी काही विचारलं नाही.

चेरी मी स्वतः काढल्या. लाल रिबीन उसवली, धुतली, इस्त्री केली आणि त्याच्या शर्टांमध्ये ठेवली. तुझा तुकडा पाठवला नाहीस ते चांगलं झालं. तो तुझ्याकडेच ठेव. त्यापुढे माझा हात जाईना. दोन्ही गठ्ठे काढून बसले, कातरी घेतली, आणि तशीच बसले. आपल्या हाताने आपलं करत नाहीत म्हणून नव्हे. क्रेपवर कातरीच चालेना.

तर गवती नको म्हणून नवा सांगाडा बांधला आहे, बकरम चढवलंय, आणि तो आजच्या गाडीने धाडते आहे. बरोबर क्रेपही आहे, जुन्यातलं चांगलं. कसं कापायचं ते तुला सांगायला नको. जेटची एकही टिकली लावू नकोस. पार्सलने परत पाठवू नकोस, क्रेप चेपतं आणि मग वाफ देत बसावं लागतं. स्वतः घेऊन ये. बंद दुसऱ्या हाताने बांधायचे असतात, हे मी तुला पहिल्याच वर्षी शिकवलंय.

येताना तुझं ते स्वतःच्या हाताने केलेलं घालून ये. ते मी पहिल्या टाक्यापासून उसवणार आहे आणि परत करणार आहे. नोव्हेंबरपासून तू ते तसंच डोक्यावर घेऊन फिरते आहेस, हे मला चालत नाही. तुझी खोली झाडून ठेवते. तुझ्या वडिलांकडचा तो कडक पाव आणू नकोस, इथे पाव मिळतो.

माझ्या बॉनेटचा बो नीट बांध. डावी पाकळी मोठी झाली तर होऊ दे. चॅपेलमध्ये सगळ्यांना कळू दे ते कुणी केलंय. मी उसवणार नाही.

तुझी सासू,
थॉमसीन स्टॉर